गावच्या दूध सोसायटीचं सॉफ्टवेअर: काटा, पावती, बिल, मोबाइल. एकच भाषा धरावी की कामागणिक वेगळी?

चिकोडीवाला
चिकोडी तालुक्यातल्या एका दूध सोसायटीसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करायचं ठरलंय. सभासद अडीचशेच्या आसपास, सकाळ आणि संध्याकाळ दोन पाळ्या. गरज अशी आहे:

इलेक्ट्रॉनिक काटा आणि दुधाची फॅट तपासणारा मिल्क अ‍ॅनालायझर, दोन्हीला आरएस-२३२ म्हणजे सिरियल पोर्ट. पावती ५८ मिमी थर्मल प्रिंटरवर, सभासद म्हणेल तशी मराठीत किंवा कन्नडमध्ये. दर दहा दिवसांनी बिल. सभासदाला मोबाइलवर रोजचा आकडा. शिवाय बल्क कूलरच्या (दूध गार ठेवणाऱ्या टाकीच्या) तापमानाची नोंद ठेवता आली तर बघा, असंही चेअरमन म्हणालेत.

पीसी विंडोज ७ चा, ४ जीबी रॅम. तो बदलणार नाहीत, सेक्रेटरींची टॅली त्यावरच आहे. लाइट केव्हाही जाते.

मला पायथन बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट थोडं. एक मित्र रस्ट म्हणतोय, दुसरा फ्लटर. सगळं पायथनमध्ये केलं तर चालतंय काय?

उद्यमबाग_ऑटोमेशन
भाषा कुठली चांगली हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. कुठलं काम कुठल्या यंत्रावर चालणार आणि वर्षभराने बिघडलं तर कोण उघडून बघणार, एवढं ठरलं की अर्धी यादी आपोआप गळते.

तुमच्याकडे विंडोज ७ नेच बरीचशी गाळली आहे. पायथन ३.८ ही तिथे चालणारी शेवटची आवृत्ती आणि तिचे सुरक्षा अपडेट २०२४ मध्ये थांबले. गो ही भाषा १.२० पर्यंत, रस्ट १.७७ पर्यंत. फ्लटरच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमला विंडोज १० लागतं. क्रोम १०९ वर थांबलं. यातलं काहीच अशक्य नाही, पण जुन्या आवृत्तीत अडकून राहायचं म्हणजे उद्या एखादी लायब्ररी नवी मागितली की काम ठप्प.

काउंटरवरच्या प्रोग्रॅमला मी सी शार्प आणि डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ सुचवतो. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ असला की ते बसतं. सिरियल पोर्ट, प्रिंटिंग, दशांश आकडे, सगळं घरचंच आहे. तयार होणारी फाइल काही शे केबीची. पायथनचा पॅक केलेला ईएक्सई दहा-वीस एमबी सहज होतो आणि अँटिव्हायरस त्याला अधूनमधून विनाकारण पकडून ठेवतो. सकाळी साडेसहाला किटल्या घेऊन रांग लागलेली असताना तसं झालं तर ते निस्तरायला तुम्ही तिथे नसणार.

खानापूर_लिपी
उद्यमबागच्या मताला माझा पाठिंबा, पण माझं कारण पावतीचं आहे.

या स्वस्त थर्मल प्रिंटरांच्या पोटात देवनागरी किंवा कन्नड अक्षरं नसतात. मजकूर पाठवला तर प्रश्नचिन्हं नाहीतर चिनी ठोकळे उमटतात. म्हणून पावतीचं चित्र बनवून ते पाठवावं लागतं. ५८ मिमी प्रिंटरची छपाईची रुंदी ३८४ ठिपके, म्हणजे ओळीला ४८ बाइट. ८० मिमीला ५७६ ठिपके.

आता चित्रात अक्षर बसवणं हे खरं दुखणं. पायथनमध्ये पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून "किणेकर" लिहा. अक्षरांच्या मांडणीसाठी तिला राक्म आणि फ्रायबिडी या आणखी दोन लायब्रऱ्या लागतात. विंडोजवर फ्रायबिडीची डीएलएल सापडली नाही तर पिलो तक्रार न करता साध्या मांडणीवर उतरतं. मग पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात. प्रोग्रॅम चालतोय, एररही नाही आणि पावती चुकीची. सुरुवातीलाच राक्म चालू आहे का ते तपासून, नसेल तर प्रोग्रॅम थांबवा.

सी शार्पमध्ये हे काम विंडोजच करतं. फक्त एक सापळा आहे: तुमच्या नव्या लॅपटॉपवर निर्मला यूआय फॉन्ट असतो, तो विंडोज ८ पासून आला. विंडोज ७ वर तो नाही. तिथे मराठीला मंगल, कोकिळा, उत्साह आणि कन्नडला तुंगा मिळतात. नाहीतर नोटो या मालिकेतले मराठी आणि कन्नड असे दोन्ही फॉन्ट प्रोग्रॅमबरोबर द्या, ते बरं.

छटा काळ्या-पांढऱ्यात बदलताना उंबरठा १२८ ठेवला तर बारीक अनुस्वार उडतो. १६० ते १८० ठेवून बघा. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं अक्षर खाली लटकतं, म्हणून ओळींतलं अंतर मराठीपेक्षा जास्त हवं. ते दिलं नाही तर खालच्या ओळीचं डोकं त्यात अडकतं.

तिठा
पावती दोन्ही भाषांत एकाच कागदावर का नको? एकच भाषा म्हणजे पुन्हा तोच वाद...

खानापूर_लिपी
@तिठा सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, इथे पावतीचंच बोलू. दोन्ही छापल्या तर कागद दुप्पट लागतो, एवढंच. सभासदाच्या नोंदीत भाषेचा एक रकाना ठेवला की मिटलं.

हिशेब_बरोबर
सॉफ्टवेअरवाले मंडळी भाषा भाषा करताय, पण सोसायटीत भांडण होतं ते पैशावरून. उदाहरण घ्या. ४.३५ लिटर, दर ३४.३० रुपये. गुणाकार १४९.२०५. हे १४९.२० की १४९.२१?

पायथनचं डेसिमल काही न सांगता गोलाई केली तर १४९.२० देतं, कारण त्याचा मूळ नियम अर्ध्यावर असलं की सम आकड्याकडे झुकण्याचा. सी शार्पचं मॅथ राउंडसुद्धा तेच करतं. सभासद कॅल्क्युलेटरवर करून १४९.२१ म्हणतो आणि तो बरोबर असतो, कारण दूध घेणाऱ्या संघाच्या दर तक्त्यात अर्धा पैसा वर जातो. पायथनमध्ये राउंड हाफ अप आणि सी शार्पमध्ये मिडपॉइंट अवे फ्रॉम झीरो असं स्पष्ट सांगावं लागतं.

आणि साधा फ्लोट किंवा डबल (अपूर्णांक अंदाजे साठवणारे प्रकार) तर कधीच नको. ४.३५ गुणिले १०० केलं की डबलमध्ये ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. त्याचा पूर्णांक घेतला की ४३४. एका पावतीला दहा मिली दूध हवेत गेलं.

सगळ्यात सरळ, कुठल्याही भाषेत चालणारं: दूध दहा मिलीच्या एककात पूर्णांक (४३५), दर पैशात पूर्णांक (३४३०). गुणाकार १४९२०५०. त्यात ५० मिळवून १०० ने पूर्णांक भागाकार: १४९२१ पैसे. पडद्यावर दाखवताना तेवढा रुपयाचा टिंब द्या.

एसएनएफचं (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) सूत्रही कोडमध्ये कोरून ठेवू नका. सीएलआर (लॅक्टोमीटरचं दुरुस्त रीडिंग) भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२५ पट, अधिक ०.४४ असं एक चलनात आहे. फॅट ४.० आणि सीएलआर २८ असेल तर ८.४४ येतं. दुसरीकडे ०.२१ आणि ०.३६ धरतात. संघ बेळगावचा असो की कोल्हापूरचा, स्थिरांक त्यांच्याकडून लेखी घ्या आणि सेटिंगमध्ये ठेवा. दर तक्त्याला लागू तारीख हवीच. प्रत्येक संकलनाच्या नोंदीत त्या वेळचा दरसुद्धा साठवा, नाहीतर तक्ता बदलला की मागची बिलं बदलतात. चुकलेली नोंद पुसायची नाही, उलट नोंद टाकायची.

चिकोडीवाला
हे पूर्णांकाचं लगेच पटलं. म्हणजे काउंटरला सी शार्प. मग बिल पण त्यातच लूप लावून करू का? अडीचशे सभासद, दहा दिवस, दोन पाळ्या, म्हणजे पाच हजार नोंदी.

निपाणी_एसक्यूएल
लूप कशाला? बिल हे एसक्यूएलचं काम आहे. सभासदानुसार गट करा, लिटर आणि पैशांची बेरीज, पशुखाद्य आणि उचल दुसऱ्या टेबलातून वजा. एका क्वेरीत येतं. पाच हजार नोंदी म्हणजे डेटाबेसला काहीच नाहीत.

एसक्यूलाइट हा एका फाइलीतला डेटाबेस पुरेसा आहे, वेगळा सर्व्हर नको. पण तीन गोष्टी सांभाळा.

लाइट जाते म्हणालात, म्हणून डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची पद्धत) लावा आणि सिंक्रोनस फुल ठेवा, म्हणजे प्रत्येक नोंद डिस्कवर पोचेपर्यंत थांबतं. वेगासाठी सिंक्रोनस ऑफ करा असं सांगणारे लेख सापडतील. पावती निघाली आणि नोंद डिस्कवर पोचलीच नाही, असं होण्याचा तो रस्ता. पाळीला अडीचशे नोंदींना कसला आलाय वेग. क्रम असा: ट्रँझॅक्शन पूर्ण, मग पावती.

डब्ल्यूएएलमध्ये ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाइलीत असतात. प्रोग्रॅम चालू असताना नुसती मुख्य फाइल पेनड्राइव्हवर ओढली तर आजची सकाळ त्यात नसेल. बॅकअपला व्हॅक्यूम इन्टू वापरा, एसक्यूलाइट ३.२७ पासून आहे.

फाइल नेटवर्कच्या शेअर फोल्डरवर ठेवू नका. दोन पीसी लागलेच तर पोस्टग्रेस हा सर्व्हरवाला डेटाबेस घ्या.

क्वेरीचा मजकूर सी शार्पच्या कोडमध्ये विखरू नका, वेगळ्या फाइलींत ठेवा. पुढेमागे काउंटरचा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत गेला तरी बिल तसंच राहील.

सहावं_सेम
एसक्यूएलला प्रोग्रॅमिंग लँग्वेज म्हणतात का पण? आमच्या कॉलेजात सरांनी नाही म्हणून सांगितलं होतं. आणि नावानुसार यादी लावताना ळ चुकीच्या जागी येतोय, त्याला काय करायचं?

निपाणी_एसक्यूएल
काय म्हणतात ते परीक्षेपुरतं ठेवा.

ळ चं असं आहे: एसक्यूलाइट बाइटनुसार लावतं. युनिकोडमध्ये ळ ल च्या मागोमाग बसतो आणि क्ष हा क पासून सुरू होतो. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. बरोबर क्रम आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीकडून मिळतो: पोस्टग्रेसमध्ये १० व्या आवृत्तीपासून, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या इंटल कोलेटरला मराठी सांगून. दूध सोसायटीत मात्र यादी सभासद क्रमांकानेच लावा. काउंटरवर नाव कोणी विचारत नाही, "एकशे बारा" म्हणून किटली पुढे सरकते.

मच्छे_पीएलसी
कूलरचं मी सांगतो. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा जो कंट्रोलर आहे त्याला हात लावू नका. ते काम शिडीच्या आकृतीवाल्या लॅडर लॉजिकचं किंवा तयार थर्मोस्टॅटचं, विंडोजचं नाही आणि ईएसपी३२ या छोट्या चिपचं तर अजिबात नाही. चार अंशाला ठेवलेलं दूध प्रोग्रॅम अडकला म्हणून नासलं तर भाषा कुठली होती हे कोण विचारणार?

फक्त नोंद हवी तर वेगळा सेन्सर टाका. डीएस१८बी२०, पाणी न शिरणाऱ्या स्टीलच्या नळीतला. डेटाच्या तारेवरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. ईएसपी३२ वर मायक्रोपायथन, म्हणजे चिपवर चालणारं छोटं पायथन. मिनिटाला एक रीडिंग घ्यायचंय, त्याला सी++ चा वेग लागत नाही. चिकोडीवाले, तुमचं पायथन इथे कामाला येतंय बघा.

काय बिघडतं ते: १२ बिटला रूपांतराला ७५० मिलिसेकंद लागतात. त्याआधी वाचलं तर जुना आकडा येतो, आणि नुकताच करंट मिळालेला असेल तर ८५ अंश. ८५ दिसलं की टाकून द्या. तार सुटली तर सी++ च्या नेहमीच्या लायब्ररीत उणे १२७ येतं, मायक्रोपायथनमध्ये एक्सेप्शन, म्हणजे चालू प्रोग्रॅममधली एरर, उठतं. ते पकडून "सेन्सर नाही" अशी नोंद करा, शून्य लिहू नका. वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर चिप परत सुरू करणारा टायमर, चालू ठेवा.

सी++ कधी घ्यायचं? मिलिसेकंदाच्या आत पल्स मोजायच्या असतील, बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचं असेल, किंवा चिपच लहान असेल. आर्डुइनो उनोमध्ये रॅम २ केबी, तिथे मायक्रोपायथन मावतच नाही.

आणखी एक. काट्याची आरएस-२३२ तार थेट ईएसपी३२ ला जोडायचा मोह होईल. त्या तारेवर व्होल्टेज उणे-अधिक असतं, १२ पर्यंत जाऊ शकतं. चिपच्या पिना ३.३ व्होल्टच्या. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप पाहिजे, नाहीतर चिप गेली म्हणून समजा.

खानापूर_लिपी
जुना डेटा कशात आहे?

चिकोडीवाला
एक्सेलमध्ये. काही नावं श्रीलिपीत, काही कन्नड नुडीत. आकडे पण कुठे कुठे देवनागरीत टाइप केलेत.

खानापूर_लिपी
मग ते काम नक्की पायथनचं. एकदाच चालवायचं, तुमच्या लॅपटॉपवर, नव्या आवृत्तीत. तिथे विंडोज ७ चा संबंध नाही.

श्रीलिपी आणि जुनी नुडी म्हणजे फॉन्टच्या आड लपलेली इंग्रजी अक्षरं. युनिकोडसाठी अक्षरागणिक तक्ता लागतो, आणि लांब जोड्या आधी बदलाव्या लागतात. श्रीलिपीच्याही वेगवेगळ्या मांडण्या आहेत, म्हणून कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलंय ते सेलच्या फॉन्टच्या नावावरून काढा. पायथनची ओपनपायएक्सेल लायब्ररी ते वाचून देते. सीएसव्ही करून आणलं तर फॉन्टचं नाव हरवलं आणि काम अडलं.

देवनागरी आकड्यांत मोठी गंमत आहे. पायथनचं इंट देवनागरी "४५" ला मुकाट पंचेचाळीस करतं. जावाचं पार्सइंट पण करतं. जावास्क्रिप्ट नॅन ("हा आकडा नाही") देतं. सी शार्प एक्सेप्शन फेकतं. वर सी शार्पच्या रेजेक्समधलं (मजकुराचा साचा तपासण्याच्या सोयीतलं) अंकांचं चिन्ह देवनागरी आकडे स्वीकारतं, म्हणजे तपासणीत पास आणि पुढच्याच ओळीत आपटलं. काउंटरवर आकडा घेताना आधी शून्य ते नऊ इंग्रजी करून घ्या, कन्नड आकड्यांसकट.

मराठी नावावरून कन्नड नाव आपोआप करायचं तर युनिकोडमध्ये दोन्ही लिप्या समांतर बसवल्यात: देवनागरीच्या क्रमांकात ८९६ मिळवले की बहुतेक अक्षरं कन्नडमध्ये येतात. पण ॅ आणि ॉ च्या जागी तिकडे काहीच नाही, त्यामुळे "डॉ." किंवा "जॅकी" रिकामा चौकोन देतात. आणि "पाटील" च्या शेवटी कन्नडमध्ये हलन्त लावायचा का, हे ज्याचं नाव त्यालाच विचारा. यंत्राने कच्चं करावं आणि सेक्रेटरींनी यादी एकदा नजरेखालून घालावी. अडीचशेच तर आहेत.

जाता जाता: यादी परत एक्सेलला द्यायची तर सीएसव्ही यूटीएफ-८ सिग या एन्कोडिंगने लिहा. सुरुवातीची ती खूण नसली तर एक्सेल मराठीचा चिवडा करतं.

शहापूर_वेब
मोबाइल अ‍ॅप करू नका. कोटलिन की फ्लटर हा प्रश्नच नको. सभासदाला रोज एक ओळ हवी असते, त्यासाठी अडीचशे फोनांत अ‍ॅप घालणार कोण आणि अपडेट करणार कोण?

एसएमएस पाठवा. फक्त मराठीत किंवा कन्नडमध्ये एसएमएस ७० अक्षरांचा असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. "दि. १२ सकाळ, ४.३५ लि., फॅट ४.१, रु. १४९.२१" हे ४२ भरतं. सोसायटीच्या नावाला २८ उरले. ७० च्या वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. टेम्प्लेटची डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची मेसेज-नोंदणी) नोंदणी आधी करा, मंजुरी येईपर्यंत एकही मेसेज जाणार नाही.

बिलाचं पान वेबवर हवं तर पीएचपी. हसा हवं तर. साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते चालतं, आणि बेळगावात कुठल्याही गल्लीत दुरुस्त करून देणारा सापडतो. गो किंवा रस्ट सुंदर आहेत, पण तुम्ही उद्या बेंगळुरूला नोकरीला गेलात तर चिकोडीत ते कोण उघडणार?

मित्र_रस्टवाला
मीच तो मित्र. मेमरी सेफ्टी...

उद्यमबाग_ऑटोमेशन
सी शार्पलाही आहे की. रस्ट तिथे शोभतं जिथे गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा) परवडत नाही. इथे माणूस किटली ओतेपर्यंत प्रोग्रॅमला काही कामच नसतं.

चिकोडीवाला
काट्याची ओळ कधी अर्धी येतेय. "००४.३" एवढंच, पुढचे ५ नंतर. आणि यूएसबीची वायर दुसऱ्या भोकात लावली की पोर्टचा नंबर बदलतो.

उद्यमबाग_ऑटोमेशन
सिरियलवर ओळ अशी काही नसते, बाइट येतील तसे येतात. बफरमध्ये साठवा, ओळ संपल्याची खूण आली की तेवढा तुकडा काढा, उरलेला ठेवा. प्रोग्रॅम सुरू झाल्यावरची पहिली ओळ फेकून द्या, ती बहुतेक मधूनच तुटलेली असते. काटा स्थिर असल्याचं अक्षर पाठवत असेल तर ते बघा. नसेल तर सलग पाच सारखी रीडिंग आल्यावरच वजन धरा.

सी शार्पमध्ये डेटा आल्याची घटना वेगळ्या थ्रेडवर येते. तिथून थेट पडद्यावरचा आकडा बदलू नका, इन्व्होकमधून जा. चालू असताना वायर उपटली तर पोर्ट बंद करतानाही एक्सेप्शन येतं, तेही पकडा.

पोर्टचा नंबर डिव्हाइस मॅनेजरमधून पक्का करता येतो, पण तो त्या भोकापुरता. काट्याला आणि अ‍ॅनालायझरला वेगळी भोकं ठरवून त्यावर रंगीत पट्टी चिकटवा. शिवाय सुरू होताना प्रोग्रॅमने ओळीचा आकार बघून काटा कुठला आणि अ‍ॅनालायझर कुठला ते ओळखावं. दोन्ही ९६०० या एकाच सिरियल वेगावर असले की उलट जोडले तरी काहीतरी वाचलं जातंच, आणि फॅटच्या जागी वजन बसतं.

चिकोडीवाला
हे तपासायला काटा घरी कसा आणू?

मच्छे_पीएलसी
आणायला नको. यूएसबी-सिरियलच्या दोन वायरी घ्या, एकीची २ नंबर पिन दुसरीच्या ३ ला, ३ ची २ ला, ५ ला ५. एका टोकाला पायसिरियलने पायथनची वीस ओळींची स्क्रिप्ट खोटा काटा म्हणून बसवा: मुद्दाम अर्ध्या ओळी पाठवा, मध्येच दोन सेकंद गप्प राहा, कचरा अक्षरं टाका, वजन हलतं ठेवा. दुसऱ्या टोकाला तुमचा सी शार्प. रात्रभर चालू ठेवून सकाळी नोंदी मोजा. जेवढी स्थिर वजनं पाठवलीत तेवढ्याच नोंदी आल्या की मग पीसी घेऊन सोसायटीत जा.